बापाची खूण, आईचा वारसा

मी माहुलहून बोलतेय. माहुल म्हणजे मुंबईत चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठावरचं गाव. एका अंगाला कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला रिफायनरीच्या तेलाच्या टाक्या आणि जवळच सात मजली इमारतींची मोठी वसाहत. इथल्या बचत गटांची मी सहयोगिनी आहे. एरवी आपण कर्ज, हप्ते, व्याज, बाजारपेठ यांवर बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. आज वंशाबद्दल बोलू या.

हा शब्द आपल्या कानावर कधी पडतो बघा. लग्न जमवताना पडतो, ओटीभरणाला पडतो आणि दुसरी मुलगी झाली की दवाखान्याच्या दारातच पडतो. ‘वंशाला दिवा हवा गं बाई.’ हे म्हणणाऱ्या बहुतेक वेळा आपणच बायका असतो. पण हा वंश शरीरात नेमका कुठे असतो? तो किती मागे नेता येतो? तो खरोखर बुडतो का? या प्रश्नांचा अभ्यास शास्त्रज्ञांनी गेल्या तीसेक वर्षांत रक्ताचे आणि लाळेचे नमुने घेऊन केला आहे. त्यांना जे सापडलं ते आपल्या घरातल्या रोजच्या बोलण्याशी थेट जोडलेलं आहे. म्हणून आज ते सोप्या शब्दांत सांगते.

आपलं शरीर कोट्यवधी पेशींचं बनलेलं असतं. जवळपास प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून येतं, एक बापाकडून. या गुणसूत्रांमध्ये जो लांबच लांब धागा असतो, त्याला डीएनए म्हणतात. शरीर कसं घडवायचं, याच्या सूचना त्यात लिहिलेल्या असतात. २२ जोड्या बाई आणि पुरुष दोघांत सारख्याच. तेविसावी जोडी मात्र वेगळी. बाईत ती एक्स आणि एक्स अशी असते. पुरुषात एक्स आणि वाय अशी.

बाईकडे वाय नसतोच. त्यामुळे मुलाला वाय मिळतो तो फक्त बापाकडून. त्या बापाला त्याच्या बापाकडून, त्याला आजोबांकडून, पणजोबांकडून, असा तो मागे मागे जातो. बाकीच्या गुणसूत्रांची दर पिढीला सरमिसळ होते. वाय मात्र जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो. म्हणून बापाकडची एक सरळ रेघ त्याच्यावरून शोधता येते.

मी ‘जवळजवळ’ म्हटलं. सगळी गंमत त्या शब्दात आहे. आपल्याकडे भजनाची वही असते ना? एकीची बघून दुसरी उतरवून घेते, तिची बघून तिसरी. समजा एकीने उतरवताना एका शब्दात एक अक्षर चुकवलं. तिच्या वहीवरून ज्यांनी उतरवलं त्या सगळ्यांच्या वहीत तीच चूक येणार. पन्नास वर्षांनी दहा गावांतल्या वह्या एकत्र ठेवल्या, तर कोणती वही कोणत्या वहीवरून आली हे त्या चुकांवरून सांगता येईल. वायचंही असंच होतं. बापाकडून मुलाकडे जाताना कधीतरी एखादं अक्षर बदलतं. त्यामुळे बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, पण खूण राहते. ती खूण मग त्या पुरुषाच्या मुलात, नातवात, पणतूत दिसत राहते. शास्त्रज्ञांनी अशा खुणांना नावं दिली आहेत. त्यातल्या एका जुन्या खुणेचं नाव आहे एम १३०. ज्या पुरुषांत ती सापडते त्यांच्या मोठ्या कुळाला ‘सी’ कूळ म्हणतात.

आता तामिळनाडूत जाऊ. तिथे मदुराईजवळ ज्योतिमाणिक्कम नावाचं गाव आहे. मदुराई कामराज विद्यापीठाचे प्राध्यापक रामसामी पिचप्पन आणि परदेशी शास्त्रज्ञ स्पेन्सर वेल्स यांनी त्या भागातल्या लोकांचे नमुने तपासले. त्या गावातल्या एका तरुणात ही एम १३० खूण सापडली. आफ्रिकेतून बाहेर पडून समुद्राच्या काठाकाठाने पूर्वेकडे आलेल्या पहिल्या माणसांशी वेल्स यांनी ती खूण जोडली. २००२च्या सुमारास त्यावर पुस्तक आणि माहितीपट आला. मग वर्तमानपत्रांनी त्या तरुणाला ‘पहिला भारतीय’ म्हणायला सुरुवात केली.

ही खूण भारतात फार थोड्यांकडे आहे. २००६ साली देशातल्या वेगवेगळ्या जाती-जमातींच्या ७००हून जास्त पुरुषांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘सी’ कुळाची जी शाखा भारतात सापडते, एम ३५६ नावाची, ती शंभरात एक-दोन पुरुषांतच दिसली. म्हणजे दुर्मीळ झाली की नाही?

पण दुर्मीळ कुठे, हेही विचारायला हवं. याच मोठ्या कुळाची एक शाखा मंगोलियात जवळपास निम्म्या पुरुषांत आहे. जपानात एक वेगळी शाखा आहे, शंभरात चार-पाच पुरुषांत. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांत आणखी एक शाखा पुष्कळांमध्ये आहे. एखादं आडनाव आपल्या तालुक्यात दोनच घरांचं असतं, पण चार जिल्हे सोडून गेलं की अख्खी आळीच त्या आडनावाची निघते, तसंच हे. आपल्याकडे थोडे आहेत म्हणून कोणी मोठा ठरत नाही की हलकाही ठरत नाही.

युरोपातली गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. स्पेन देशात लेऑन नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या ला ब्रान्या नावाच्या गुहेत २००६ साली दोन माणसांचे सांगाडे सापडले. सुमारे ७ हजार वर्षांपूर्वीची ही माणसं. शेती त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती, शिकार करून आणि रानातलं गोळा करून ती जगत. २०१४ साली त्यातल्या एकाच्या डीएनएचं वाचन प्रसिद्ध झालं. कातडी सावळी आणि डोळे निळे, असा तो माणूस असावा असं त्यावरून दिसलं. त्याचा वायही याच ‘सी’ कुळाचा निघाला, शाखा तेवढी वेगळी. एकेकाळी युरोपातल्या शिकारी लोकांत असलेली ती शाखा आज तिथे इतक्या थोड्या पुरुषांत उरली आहे की शोधून काढावी लागते.

म्हणजे कधीतरी, ५०-६० हजार वर्षांपूर्वी, एक पुरुष होऊन गेला. त्याच्या पोरांच्या पोरांपैकी कोणी युरोपात गेलं, कोणी जपानात, कोणी आपल्याकडे थांबलं, कोणी ऑस्ट्रेलिया गाठलं. आपल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या खुणा पाहून २००२ साली काही संशोधकांनी म्हटलं होतं की अवघ्या काही हजार वर्षांपूर्वी भारतातून माणसं तिकडे गेली असावीत. २०१६ साली जास्त बारकाईने तपासल्यावर ते टिकलं नाही. दोन्ही शाखा सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या होत्या. शास्त्राची ही रीत मला आवडते. हिशोब जुळला नाही की वही पुन्हा उघडायची, मग तो कोणीही लिहिलेला असो.

आता त्या ‘पहिला भारतीय’ या नावाकडे येऊ. ते नाव बरोबर आहे का? त्या तरुणाकडे एक फार जुनी खूण आहे, हे खरं. पण त्याच्या शेजारच्याचे पूर्वज काही त्याच्या पूर्वजांपेक्षा नवे नाहीत. पूर्वज सगळ्यांचेच तितके जुने असतात. फरक इतकाच की एकाच्या वायवरची एक खूण आपल्याला वाचता आली.

जरा हिशोब करू, आपल्याला हिशोबाची सवय आहे. मला आई-बाप दोन. आजी-आजोबा चार. पणजी-पणजोबा आठ. त्यांच्या मागे सोळा, मग बत्तीस, मग चौसष्ट. दर पिढीला दुप्पट. दहा पिढ्या मागे गेलं, म्हणजे साधारण पेशवाईच्या काळात, की माझ्या पूर्वजांच्या जागा होतात १,०२४. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होत असे, म्हणून एकच आजी दोन जागांवर बसलेली असू शकते. पण जागा तेवढ्याच. त्यात ५१२ बायका आणि ५१२ पुरुष. आता माझ्या भावाचा वाय तपासला, तर या १,०२४पैकी किती जणांची माहिती मिळेल? एकाची. फक्त एका खापरपणजोबाच्या खापरपणजोबाच्या आजोबाची. उरलेल्या १,०२३ जणांबद्दल वाय एक शब्द बोलत नाही. त्यांच्या रक्तामांसातूनच माझा भाऊ घडला, तरी त्या एका रेघेत ते कुठेच नाहीत.

आपण ज्याला वंश म्हणतो, ते नेमकं हेच आहे. हजारातली एक रेघ. आडनाव त्या रेघेवरून चालतं, कुळाचार त्या रेघेवरून चालतो, सातबाराही कित्येक पिढ्या त्याच रेघेवरून चालत आला. बाकी हजार जणांना आपण विसरलो.

आणि ही रेघ तुटते कशी? एखाद्या पुरुषाला चार मुलीच झाल्या, की त्याचा वाय त्याच्याबरोबर संपला. पण त्या चार मुलींमध्ये त्याचा बाकीचा वारसा भरपूर आहे. त्याचं नाक कोणाला, त्याचा आवाज कोणाला, त्याचा हट्टीपणा बहुतेक सगळ्यांना! त्यांच्या पोरांतून तो पुढे चालतच राहतो. थांबते ती फक्त एक रेघ. गेल्या ५० हजार वर्षांत अशा असंख्य रेघा थांबल्या. दर पिढीत काही पुरुषांना मुलगे झाले नाहीत, काहींना मुलंच झाली नाहीत, काही रोगराईत गेले. छोट्या टोळ्या असल्या की चार-दोन घरांच्या नशिबावर अख्खी रेघ अवलंबून असते. म्हणून जुन्या शिकारी टोळ्यांच्या कित्येक रेघा आज दुर्मीळ झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या. माणसं मात्र संपली नाहीत. त्यांचं रक्त मुलींच्या वाटेने वाहत राहिलं.

हे नुसतं बोलायला गोड म्हणून मी सांगत नाही. त्याचा पुरावा आहे. जवळपास प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणारे बारीक कण असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. नाव अवघड आहे, पण काम चुलीसारखं. या कणांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो येतो फक्त आईकडून. मुलगा असो की मुलगी, दोघांना तो आईच देते, पण पुढच्या पिढीला देते ती मुलगीच. म्हणजे जशी बापाची रेघ आहे तशी आईचीही रेघ आहे. भारतातल्या लोकांची ही आईकडची रेघ तपासली, तेव्हा काय दिसलं? देशातल्या अर्ध्याहून जास्त लोकांची आईची रेघ ‘एम’ नावाच्या एकाच जुन्या मोठ्या कुळात जाते. या कुळाच्या भारतातल्या शाखा फार पूर्वी, म्हणजे पहिली माणसं या भूमीवर आली आणि पसरली त्या काळात, इथेच फुटल्या. बापाकडच्या बऱ्याच रेघा मात्र नंतर, गेल्या काही हजार वर्षांत वायव्येकडून आलेल्या लोकांबरोबर आल्या आणि पसरल्या. त्या आलेल्यांत पुरुष जास्त होते, असं शास्त्रज्ञांना दिसतं.

म्हणजे बघा. त्या पहिल्या शिकारी माणसांची वायची खूण शोधायला शंभरात एखादा पुरुष सापडतो. पण त्याच काळातल्या बायांचा वारसा आज इथे बसलेल्या आपल्यातल्या निम्म्याहून जास्त जणींच्या जवळपास प्रत्येक पेशीत असणार. जो वारसा बापाकडून दुर्मीळ झाला, तो आईकडून घरोघरी आहे.

ही माणसं जगत कशी होती? पुस्तकांत त्यांना ‘शिकारी’ म्हणतात, आणि आपल्या डोळ्यांपुढे भाला घेतलेला पुरुष येतो. पण शिकार रोज थोडीच मिळते? खरा शब्द आहे शिकार आणि अन्नसंकलन. संकलन म्हणजे गोळा करणं. कंद, फळं, पालेभाज्या, मध, खेकडे, शिंपल्या. उष्ण देशांत आज अशा रीतीने जगणाऱ्या लोकांमध्ये रोजच्या अन्नाचा मोठा हिस्सा गोळा करूनच येतो आणि ते काम पुष्कळसं बायका करतात.

यातलं काय आपल्याला नवीन आहे? पहिल्या पावसानंतर शेवळं कुठे उगवतात, टाकळा कोवळा कधी खुडायचा, कोणता कंद किती वेळा उकडला की खाज जाते, भारंगी कडू लागू नये म्हणून काय करायचं, हे तुम्हाला कोणत्या शाळेत शिकवलं? आमच्या माहुलच्या कोळीणी ओहोटीची वेळ तिथीवरून सांगतात. चिखलात पाय कुठे टाकायचा, कालवं कुठल्या दगडाला, निवटी कुठल्या बिळात, हे त्यांना आई-आजीकडून कळलं. आता खाडी पूर्वीसारखी राहिली नाही, मिळकत कमी झाली, पण जाण आहे. ही विद्या शेतीच्याही आधीची आहे.

किती आधीची? एक वर्ष डोळ्यांपुढे आणा. ५० हजार वर्षांचं एक वर्ष करू. गुढीपाडव्याला माणसं इथे आली असं धरा. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ करत माघ संपेपर्यंत या महाराष्ट्राच्या भूमीवर माणूस शिकार आणि संकलन करूनच जगला. आपल्याकडची पहिली शेतकरी गावं सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे या वर्षात फाल्गुन लागला तेव्हा पहिलं धान्य पेरलं गेलं. सगळी राज्यं, सगळे किल्ले, सगळ्या जाती, सगळी आडनावं त्या एका फाल्गुनातली.

मुंबईतही त्या आधीच्या महिन्यांच्या खुणा आहेत. टॉड नावाच्या एका नौदल अधिकाऱ्याने १९३०च्या दशकात कांदिवलीजवळ दगडी हत्यारं शोधली. मुंबईच्या उपनगरांतल्या किनाऱ्यावर मिळालेल्या नखाएवढ्या दगडी पात्यांवर त्याने १९५० साली लेख लिहिला. ती पाती लाकडात किंवा हाडात बसवून बाण, विळी, चाकू बनवत. आज जिथे लोकलची गर्दी आहे, तिथे कोणीतरी बसून ती पाती काढली होती. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर जी कातळशिल्पं आहेत, हत्ती, मासे, गेंडा अशी, तीही शिकारी माणसांनी कोरली असावीत असं अनेक अभ्यासकांना वाटतं. २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

माणसांचे सांगाडेही शोधले गेले. त्यात आपल्या इरावती कर्वे होत्या. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई आपल्याला माहीत आहेत, पण त्या मानववंशशास्त्राच्या मोठ्या अभ्यासक होत्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून हसमुख सांकलियांबरोबर १९४०च्या दशकात त्या गुजरातेत लांघणज इथे गेल्या. तिथे शिकारी माणसांचे सांगाडे सापडले. पुढे त्याच डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी हरियाणातल्या राखीगढीला उत्खनन केलं. हडप्पाच्या काळातलं ते शहर, साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. आपल्या उष्ण मातीत हाडांमधला डीएनए टिकत नाही. साठाहून जास्त नमुने तपासले, तेव्हा एकाच सांगाड्यातून वाचता येईल इतका डीएनए मिळाला. २०१९ साली तो निकाल आला. तो सांगाडा होता एका बाईचा. तिच्यात दोन प्रवाह मिसळलेले दिसले. एक इराणकडच्या प्राचीन लोकांच्या जवळचा आणि दुसरा इथल्या जुन्या शिकारी लोकांचा. त्या एवढ्या मोठ्या शहरातल्या बाईतही रानातली आजी होतीच.

आता मी माझ्या गावच्या गोष्टीकडे येते. माहुलमध्ये कोळी आणि आगरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या २०१७च्या सुमारास हटवल्या, तेव्हा पुष्कळ कुटुंबं इथल्या इमारतींत आली. कोणी मूळचं जालन्याचं, कोणी सोलापूरचं, कोणी उत्तर प्रदेशातलं. गटांत दोन्हीकडच्या बायका आहेत. जत्रेत स्टॉल कोणाला, ऑर्डर कोणाला, असा प्रश्न आला की एक वाक्य हमखास येतं. ‘आम्ही मूळच्या, तुम्ही बाहेरच्या.’ तुमच्या गावातही हे वाक्य असेल, फक्त नावं वेगळी. गावकुसाच्या आतल्या आणि बाहेरच्या. धरणाने उठवलेल्या आणि आधीच्या. माहेरवाशिणी आणि लग्न होऊन आलेल्या.

गावावर, खाडीवर, जमिनीवर जे पिढ्यान्‌पिढ्या राबले त्यांचा हक्क खरा आहे. तो कागदांनी, कायद्याने आणि कष्टाने सिद्ध होतो, आणि त्यासाठी भांडायलाच हवं. पण रक्त दाखवून ‘मी मूळची’ असं म्हणायला शास्त्रात जागा नाही. २००९ आणि २०१३ साली हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर देशभरातल्या जाती-जमातींचा डीएनए तपासला. त्यांना दिसलं की मुख्य भूमीवरचा तपासलेला जवळपास प्रत्येक समूह मिश्र आहे. उच्च म्हणवणारे मिश्र, आदिवासीही मिश्र, फक्त प्रमाण कमीजास्त. साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी ही सरमिसळ मोठ्या प्रमाणावर झाली. त्यानंतर जातीतल्या जातीत लग्नाची रीत घट्ट झाली आणि दारं बंद झाली. दारं बंद व्हायच्या आधी सगळे एकमेकांच्या घरी गेले होते! त्या पहिल्या शिकारी माणसांचा अंश प्रत्येक घरात आहे. मग मूळचं कोण आणि बाहेरचं कोण?

आणि आता सगळ्यांत जवळची गोष्ट. वाय फक्त बापाकडून येतो, हे आपण पाहिलं. बाईच्या बीजात नेहमी एक्सच असतो. पुरुषाच्या बीजांत काहींत एक्स, काहींत वाय. एक्सवालं जुळलं तर मुलगी, वायवालं जुळलं तर मुलगा. म्हणजे मुलगा की मुलगी, हे बाईच्या शरीरावर ठरतच नाही. पुरुषालाही ते ठरवता येत नाही, म्हणून दोष त्यालाही नको. पण सुनेला तर नकोच नको. ही गोष्ट दहावीच्या विज्ञानात येते. नातू ती पाठ करतो, आणि त्याच घरात त्याच्या काकूला मुलगी झाली म्हणून टोमणे बसतात.

त्या एका रेघेपायी आपण काय किंमत दिली ते आकड्यांत आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य आपलंच, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४चा. कायदा आहे, पण घरातलं वाक्य बदललं नाही तर कायदा दारापर्यंतच येतो. हजारातली एक रेघ पुढे जावी म्हणून हजार जणांचा वारसा घेऊन येणारी मुलगी आपण नको म्हणतो. यात हिशोब तरी कुठे बसतो?

थोडं बदलतंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आपल्या राज्यात आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव लावायचं ठरलं आहे. आईची रेघ आता कागदावर आली. ती शरीरात होतीच.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. हल्ली ‘तुमचं मूळ शोधून देतो’ अशा जाहिराती येतात. लाळ पाठवा, पैसे भरा. कोणाला हौस असेल तर करावी, पण आधी विचारावं की माझा नमुना आणि माहिती कोणाकडे राहणार आणि ती काढून टाकता येईल का. वायची रेघ बाईच्या नमुन्यातून कळणारच नाही, त्यासाठी भावाचा किंवा वडिलांचा नमुना लागेल, हेही लक्षात असू द्या. आणि निकालात कोणतंही कूळ आलं तरी त्यावरून जात, हुशारी, मोठेपणा यातलं काहीच ठरत नाही. त्याहून उपयोगी तपासणी म्हणजे सिकलसेलची. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत हा आजार आहे. तो आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. लग्नाआधी ही तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात होते. रक्त द्यायचंच तर पुढच्या पिढीच्या भल्यासाठी आधी द्या.

दुसरी गोष्ट बैठकीसाठी. या महिन्यात वर्गणी गोळा झाल्यावर प्रत्येकीने आपल्या आईच्या रेघेतली नावं सांगायची. आई, आईची आई, तिची आई. माहेरची नावं, गावासकट. बहुतेक जणी तिसऱ्या नावाला थांबतील, कारण ती नावं कोणी लिहूनच ठेवली नाहीत. जी आठवतील ती वहीत लिहा. घरात म्हातारी आजी असेल तर तिला आजच विचारा, तिच्याबरोबर आणखी दोन नावं निघून जायच्या आत. आणि प्रत्येक नावापुढे तिला काय येत होतं तेही लिहा. कोणती भाजी ओळखायची, कोणतं औषध करायची, खाडीत उतरायची की डोंगरात जायची. बापाकडच्या सात पिढ्या भाटाच्या वहीत मिळतात. आईकडच्या आपल्यालाच लिहाव्या लागतील.

आणि पुढच्या वेळी कोणाच्या घरी मुलगी झाली, आणि कोणी म्हणालं की वंश थांबला, तर भांडू नका. शांतपणे सांगा की वंश थांबलेला नाही, तो पाळण्यात झोपला आहे.